बिलावरचा फोन नंबर
कुंभकोणममधल्या एका ग्राहक-वकिलाचा दिवस

सकाळी ९ : महामहम तलावाजवळच्या माझ्या ऑफिसात एक निवृत्त शिक्षिका येतात. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी गावातल्या एका दुकानातून रेशमी साड्या घेतल्या. बिल करताना दुकानाने नाव, मोबाइल नंबर, लग्नाची तारीख लिहून घेतली. आठवड्याभरात कर्जवाल्यांचे फोन सुरू झाले.

सकाळी ९.३० : बिल आणि मोबाइल शेजारी ठेवते. बिलावर त्यांच्या नावात एक अक्षर जास्तीचं पडलंय. कर्जवाल्यांच्या मेसेजमध्ये नेमकं तेच अक्षर, आणि लग्नाची तारीखही. माहिती कुठून फुटली त्याचा माग इथेच लागतो.
“टीचरअम्मा, यातलं काही डिलीट करू नका.”

सकाळी १०.३० : कोर्ट. दोन प्रकरणांत तारखा पडतात.

दुपारी २ : कायदा पाहते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43अ खाली भरपाई मिळते, पण ती पासवर्ड, बँक, आरोग्य अशा संवेदनशील माहितीसाठी. नुसता फोन नंबर त्यात बसत नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं 2027 मध्ये लागू व्हायची आहेत. टीचरअम्मांच्या कामाचा आहे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं, ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

दुपारी ४ : दुकानाला नोटीस लिहिते. माहिती कुणाकुणाला दिली ते सांगा, तुमच्याकडची नोंद काढून टाका, झालेल्या त्रासाची भरपाई द्या. मुदत 15 दिवस.

संध्याकाळी ५ : नोटीस स्पीड पोस्टाने जाते. पावती फाइलला.

संध्याकाळी ७ : टीचरअम्मांचा फोन. “दुकानदाराने दाद दिली नाही तर?”
तर तंजावरचा जिल्हा ग्राहक आयोग. खरेदी 5 लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या करता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत 2 वर्षांची.

माझं प्रत्येक ग्राहकाला सांगणं एवढंच : बिल जपून ठेवा, मेसेज पुसू नका, आणि नंबर मागणाऱ्या दुकानदाराला ‘कशासाठी?’ हे तिथल्या तिथे विचारा.