क्लच घसरतो? आधी वायर पाहा, मग प्लेटा बदला

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि १९९४ साली स्प्लेंडर. तेव्हापासून शंभर सीसीची मोटारसायकल कामगाराच्या दारात उभी राहू लागली. कामावर जाणे, भाजी-दूध पोचवणे, मुलांना शाळेत सोडणे हे सारे तिच्यावर चालते. गाडी दोन दिवस बंद पडली की दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून तिची थोडी माहिती घरातल्या प्रत्येकाला हवी.

गिअरच्या मोटारसायकलीत क्लचच्या प्लेटा ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. एक प्लेट खरखरीत अस्तराची, एक लोखंडी, अशी त्यांची रचना असते. स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. लिव्हर ओढला की दाब सुटतो व प्लेटा मोकळ्या होतात.

दुखणे ओळखा

रेस दिली की इंजिन ओरडते पण गाडी उचलत नाही, चढाला दम लागतो, पेट्रोल जास्त खाते, तर क्लच घसरतो आहे. उलट, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते, गिअर कडकड वाजतो, न्यूट्रल सापडत नाही, तर क्लच पुरता सुटत नाही. दोन्ही तक्रारींत पहिली तपासणी एकच, लिव्हरची मोकळी चाल. मेस्त्री तिला 'प्ले' म्हणतात.

गाडी बंद ठेवून लिव्हरचे टोक बोटाने हलवा. जोर लागण्याआधी ते बहुतेक शंभर सीसी गाड्यांत १० ते २० मिलिमीटर हलले पाहिजे. प्ले मुळीच नसेल तर प्लेटा कायम अर्धवट सुटलेल्या राहतात, घसरतात आणि जळतात. प्ले फार असेल तर क्लच सुटत नाही. प्लेटा झिजत जातात तसा प्ले कमी होतो, हे लक्षात ठेवा.

थोडा फरक असेल तर हँडलजवळचा चेक नट ढिला करून ऍडजस्टर फिरवा. तो बाहेर आला की प्ले कमी होतो, आत गेला की वाढतो. फरक जास्त असेल तर वायरच्या इंजिनाकडील टोकाचे नट वापरा. शेवटी चेक नट घट्ट करायला विसरू नका. वायरचे धागे तुटू लागले असतील तर वायरच बदला. पुष्कळदा दुरुस्ती इथेच संपते.

प्लेटा बदलताना

प्ले बरोबर असूनही क्लच घसरत असेल तर प्लेटा पाहाव्या लागतात. इंजिन थंड होऊ द्या, ऑइल डब्यात काढा, वायर ढिली करा, किक काढा आणि क्लचच्या बाजूचे कव्हर उघडा. कव्हरचे बोल्ट लहान-मोठे असतात, म्हणून पुठ्ठ्याला भोके पाडून त्याच क्रमाने खोचून ठेवा. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे ढिले करा.

काही गाड्यांत यानंतर प्लेटा लगेच हाती येतात. काहींत मधला नट किंवा सर्क्लिप काढावी लागते व त्यासाठी खास पाना लागतो. पाना नसेल तर छन्नी-हातोडी लावू नका. तेवढे काम मेस्त्रीकडून करून घ्या.

प्लेटा निघाल्या त्या क्रमानेच बसवायच्या. लोखंडी प्लेट काचेवर ठेवून वाकली आहे का पाहा. निळी पडली असेल तर बदला. स्प्रिंगा दबल्या असतील तर त्याही बदला. नव्या अस्तराच्या प्लेटा बसवण्यापूर्वी काही तास नव्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा, कोरड्या बसवल्या तर लगेच जळतात. बोल्ट पुन्हा समोरासमोर घट्ट करा, पण जोर बेताचा. ऍल्युमिनियमचे आटे सहज मरतात. कव्हरचे पॅकिंग नवे घाला, माहितीपुस्तकात दिले आहे तितकेच ऑइल भरा आणि प्ले पुन्हा जुळवा. मग मोकळ्या मैदानात सावकाश चालवून पाहा.

ऑइल आणि सवय

मोटारीचे ऑइल मोटारसायकलीत घालू नका. त्यातल्या काहींत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात व नव्या प्लेटाही घसरतात. डब्यावर 'जासो एमए' ही खूण पाहून घ्या. जुने ऑइल गटारात ओतू नका. ते घेणाऱ्याकडे द्या. काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि मुलांना तेलापासून लांब ठेवा.

चालवताना क्लचच्या लिव्हरवर बोटे ठेवण्याची सवय सोडा. त्याने नव्या प्लेटाही लवकर जळतात. आठवड्यातून एकदा प्ले तपासण्याचे काम घरातल्या मुला-मुलींकडे द्या. त्याला दोन मिनिटे पुरतात, आणि गॅरेजवाला काय सांगतो आहे हे त्यांना पुढे नीट कळेल.