रोबो घरच्या घरी (लेखांक ६) : आधी रिंगण, मग रोबो

मोटर, बॅटरी आणि संवेदक यांची ओळख मागच्या लेखांकांत झाली. आता हात शिवशिवू लागणं साहजिक आहे. पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा, चार चाकांचं किट आणायचं, दोन दिवसांत जोडायचं आणि जवळच्या महाविद्यालयातल्या स्पर्धेत नाव नोंदवायचं, हा बहुतेकांचा बेत असतो. या लेखांकाचं म्हणणं थोडं उलटं आहे. स्पर्धेत उतरायचं असेल तर पहिला खर्च आणि पहिला रविवार रोबोवर घालवू नये, तो रिंगणावर घालवावा. खेळण्यातला रोबो चालला की काम झालं. स्पर्धेतला रोबो मात्र एका ठरावीक नियमावलीला दिलेलं उत्तर असतो, आणि नियमावलीतला महत्त्वाचा भाग रिंगणाच्या मापांत दडलेला असतो. प्रश्न घरात आणल्याशिवाय उत्तर बरोबर आहे की नाही ते कळणार कसं?

याचा जुना दाखला मायक्रोमाऊसचा. चक्रव्यूहातून स्वतःची वाट शोधणाऱ्या यंत्र-उंदरांची ही शर्यत ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या मासिकाने १९७७ मध्ये जाहीर केली आणि १९७९ मध्ये ती न्यूयॉर्कला झाली. तिथे एका बाजूची भिंत धरून सुसाट पळणारं, स्मरणशक्तीचा लवलेश नसलेलं यंत्र विचार करणाऱ्या यंत्रांना भारी पडलं. त्यात लबाडी काहीच नव्हती, कारण रिंगणच तसं होतं. पुढच्या वर्षीच्या लंडनच्या स्पर्धेसाठी आयोजक जॉन बिलिंग्स्ली यांनी लक्ष्य चक्रव्यूहाच्या मध्यभागी नेलं. मधल्या भिंती बाहेरच्या भिंतीला जोडलेल्या नसतील, तर भिंत धरून चालणारा उंदीर कडेकडेनेच घिरट्या घालतो, मध्यापर्यंत पोचत नाही. लक्ष्याची जागा हलली आणि नकाशा लक्षात ठेवणं सक्तीचं झालं. मोटर, चाकं, बॅटरी तीच राहिली तरी कालचा विजेता बाद झाला.

मायक्रोमाऊसचं पूर्ण रिंगण मात्र नवख्याच्या घरात मावणारं नाही. १८ सेंमीची १६ गुणिले १६ घरं म्हणजे जवळजवळ तीन मीटर लांबी-रुंदी झाली. मिनी सुमोचं रिंगण पलंगाखाली सरकवता येतं. रोबो-सुमो हा दोन रोबोंनी एकमेकांना वर्तुळाबाहेर ढकलण्याचा खेळ जपानचा. फुजिसॉफ्ट या कंपनीने तिथे १९९० पासून त्याच्या देशव्यापी स्पर्धा भरवल्या. त्याच्या मिनी प्रकारात ७७ सेंमी व्यासाचं काळं वर्तुळ, काठाला अडीच सेंमीची पांढरी पट्टी, १० सेंमी लांबी-रुंदीत बसणारा आणि ५०० ग्रॅमपेक्षा जड नसलेला रोबो, आणि सुरुवातीची खूण झाल्यावर पाच सेकंद निश्चल थांबणं एवढी सामग्री पुरते. उंचीवर बंधन नाही.

या आकड्यांतला प्रत्येक आकडा रोबोचा एकेक अवयव ठरवतो. वजनाचंच बघा. समोरच्याला रेटण्याची ताकद शेवटी चाकांच्या पकडीवर अवलंबून असते आणि पकड वजनावर. तेव्हा ३०० ग्रॅमचा देखणा, सुटसुटीत रोबो म्हणजे हक्काचे २०० ग्रॅम सोडून दिलेला रोबो. पांढऱ्या पट्टीचा हिशेब तर आणखी बोलका आहे. सेकंदाला ५० सेंमी वेगाने येणारा रोबो अडीच सेंमीची पट्टी सेकंदाच्या विसाव्या भागात, म्हणजे ५० मिलिसेकंदांत, ओलांडतो. प्रतिस्पर्धी शोधण्यासाठी आपल्याकडे सर्रास मिळणारा स्वस्त अल्ट्रासॉनिक संवेदक समोर काहीच नसेल तेव्हा प्रतिध्वनीची वाट बघत जवळजवळ ४० मिलिसेकंद घेऊ शकतो. प्रोग्रॅम तेवढा वेळ खोळंबून राहिला, तर काठ दिसेपर्यंत रोबो खाली. टेबलावर हाच संवेदक अंतर अगदी बिनचूक दाखवतो, हाच रोबो फरशीवर झोकात फिरतो. दोष दिसतो तो फक्त रिंगणात, आणि रिंगण घरी नसेल तर तो दिसण्याची जागा स्पर्धेचा मंच हीच.

आखलेल्या रेषेवरून धावणाऱ्या रोबोचं, म्हणजे लाइन फॉलोअरचं, रिंगण आणखी स्वस्त पडतं. पांढऱ्या चार्ट पेपरवर काळी इलेक्ट्रिकची टेप चिकटवून सुरुवात होते; नियमावलीत रेषेची रुंदी दिलेली असेल तर कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडून ती बरहुकूम छापून घेता येते. (वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे फ्लेक्सचा काही उपयोग आहे तो हा.) फ्लेक्स घडी घालून ठेवू नये, गुंडाळून ठेवावा. घडीच्या उंचवट्यावर संवेदक आणि पृष्ठभाग यांतलं अंतर बदलतं आणि रोबोला नसलेली रेषा दिसू लागते. चकचकीत छपाईवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं तेव्हाही तोच घोटाळा. मोठा शत्रू मात्र ऊन. रेषा ओळखणारे हे संवेदक सहसा इन्फ्रारेड प्रकाशावर चालतात आणि उन्हात तो भरपूर असतो. रात्री ट्यूबलाइटखाली ठरवलेला काळ्या-पांढऱ्याचा उंबरठा दुपारी खिडकीशी कुचकामी ठरतो. यावर उपाय म्हणजे आकडा प्रोग्रॅममध्ये ठोकून न बसवणं. सुरू होताच रोबोने रेषेवर डावी-उजवीकडे डोलून सर्वांत काळं आणि सर्वांत पांढरं वाचन टिपावं आणि उंबरठा स्वतः ठरवावा. ही गरज किटच्या पुस्तिकेत वाचून पटत नाही, एकाच फ्लेक्सवर सकाळ-दुपार-रात्र रोबो पळवला की पटते.

यावर पहिला आक्षेप मुलांच्या बाजूने येईल: प्लायवूड कापून काळा रंग देण्यात कसली गंमत? हलणारं काहीतरी हाती आलं तरच गोडी टिकते. आक्षेप खोटा नाही. दहा वर्षांच्या मुलाला आधी किट जोडू द्यावं हेच शहाणपणाचं, कारण त्या वयात चाक फिरणं हाच निकाल असतो. पण तो खेळ झाला. इथे विषय स्पर्धेचा आहे. शिवाय किटची गोडी बऱ्याचदा पहिल्या यशस्वी फेरीपाशी संपते, कारण त्यापुढे मोजायला काही उरत नाही. घड्याळ लावून एकाच मार्गावर पळवलेल्या रोबोचा वेळ एका सेकंदाने कमी करणं हे पुन्हापुन्हा खेळावंसं वाटणारं काम आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दरवर्षी नियम बदलतात, मग रिंगणावर खर्च कशाला? आशियाई रोबोकॉनमध्ये यजमान देश दरवर्षी नवा विषय देतो. २००८ मध्ये ही स्पर्धा पुण्याला झाली तेव्हा विषय गोविंदांचा, दहीहंडीचा होता. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली तेव्हा खेळ पूर्ण वेगळा होता. पण विषय बदलला की रिंगणाइतकाच, किंबहुना रिंगणापेक्षा जास्त, रोबो निकामी होतो. टिकून राहते ती नियमावली वाचून सरावाची जागा उभारण्याची सवय. मुंबई आयआयटीच्या ई-यंत्र स्पर्धेत संघ आपापल्या गावीच काम करतात आणि रिंगण बहुधा त्यांनाच मांडावं लागतं. म्हणजे हे काम स्पर्धेच्या अभ्यासक्रमाबाहेरचं नाही. शिवाय घरगुती पातळीवर सुमो आणि लाइन फॉलोअर यांचे मूळ नियम फारसे हलत नाहीत.

दोन्हींपैकी आधी काय, असं विचाराल तर लाइन फॉलोअर. तो एकट्याने सरावता येतो, प्रतिस्पर्धी लागत नाही. सुमोच्या वेळी प्रतिस्पर्धी नसेल तर १० सेंमीच्या डब्यात साखर भरून त्याचं वजन अर्धा किलो करावं आणि तो रिंगणात ठेवावा. स्वयंपाकघरातला वजनकाटा डबा आणि रोबो दोन्हींसाठी कामाला येतो. जो रोबो या मुकाट डब्याला काठाबाहेर ढकलू शकत नाही, त्याने चालत्या प्रतिस्पर्ध्यापुढे जाऊ नये. ढकलताना चाकं जागच्या जागी फिरली तर दोष टायरच्या पकडीत किंवा त्यावरच्या धुळीत आहे; चाकं थांबलीच तर मोटर कमी पडते आहे; आणि मोटर जोर लावताच आर्डुइनो (रोबोचा नियंत्रक बोर्ड) बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर ९ व्होल्टची ती चौकोनी बॅटरी आजच काढून ठेवावी. तिच्याजागी काय लावायचं आणि लिथियमच्या सेलची काळजी कशी घ्यायची, ते पुढच्या लेखांकात.