पद्मिनीच्या डॅशबोर्डवर तीन नवे काटे

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला भरभरून निरोप दिला. खासगी पद्मिनींना मात्र कुणी निरोप दिलेला नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट 1100 चं हे देशी रूप 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावानं तयार होऊ लागलं. त्यातल्या कितीतरी गाड्या आजही वाड्याच्या बोळात, बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभ्या असतात. नातवाला नोकरी लागते, हातात चार पैसे येतात आणि आजोबांची गाडी बाहेर निघते. पत्रा, रंग, क्रोम, गाद्या सगळं होतं. मग पहिल्यांदा लांबचा रस्ता घ्यायची वेळ येते आणि मालकाच्या लक्षात येतं, की समोरचा डॅशबोर्ड इंजिनाबद्दल फारसं काही सांगतच नाही.

तेलाच्या दाबासाठी नुसता एक लाल दिवा आणि चार्जिंगसाठी दुसरा. जुन्या गाड्यांत तेलाचा दिवा लावणारा स्विच साधारण पाच ते सात पीएसआयला जोडला जातो. तापलेल्या इंजिनाला हमरस्त्यावर चाळीसच्या आसपास दाब लागतो. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, असा मेकॅनिकांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दाब चाळीसवरून पंधरावर आला, बेअरिंगं कोरडी पडायला लागली, तरी दिवा गप्प. तो लागेल तेव्हा बहुधा आवाजही आलेला असेल. म्हणून लोक तीन जादा मीटर बसवून घेतात: तेलाचा दाब, पाण्याचं तापमान आणि बॅटरीचं व्होल्टेज. बावन्न मिलिमीटर व्यासाचे हे गोल मीटर जगभर सारखेच मिळतात. तीन मीटर मावतील अशी पत्र्याची पट्टी डॅशबोर्डच्या खाली दोन स्क्रूंवर लटकवली की काम झालं, असं वाटतं.

तसं ते होत नाही, कारण बहुतेकांना वाटतं की काटा तेल मोजतो. इलेक्ट्रिक मीटरचा काटा फक्त त्याच्यातून जाणारा करंट मोजतो. इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेल्या सेंडरच्या आत एक बदलता रेझिस्टन्स असतो. दाब किंवा तापमान बदललं की तो बदलतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो. सेंडर आणि काटा यांच्या मधे जी वायर, जे थिंबल, जो गंज आहे, त्या सगळ्यांची बेरीज काट्यावर येते. तेल त्यातला एक घटक.

पहिली गफलत दुकानातच होते. मीटर एका कंपनीचा, सेंडर दुसऱ्या कंपनीचा आणि आटे जुळले म्हणून बसवला. व्हीडीओ (VDO) या कंपनीच्या पद्धतीच्या युरोपीय सेंडरमध्ये शून्य दाबाला सुमारे 10 ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे 180 ओहम असतात. अमेरिकी पद्धतीत हेच उलटं चालतं: शून्याला 240, पूर्णला 33. या दोघांची सोयरीक जुळवली तर इंजिन बंद असताना काटा टोकाला आणि चालू झालं की खाली, असा तमाशा बघायला मिळतो. तो निदान लगेच कळतो. जवळपास जुळणारे पण नेमके न जुळणारे सेंडर जास्त वाईट, कारण मीटर बरोबर वाटेल इतपत चुकतो. मीटर आणि सेंडर जोडीनंच घ्यावेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटा सेंडर स्वस्तात मिळाला, तर आधी मल्टीमीटर लावून त्याचे ओहम बघावेत.

दुसरी गफलत अर्थची, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथंच असतं. सेंडरला बहुतेक वेळा एकच वायर असते. करंट परत जातो तो त्याच्या पितळी आट्यांतून ब्लॉकमध्ये, ब्लॉकमधून जाड पट्टीनं बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीकडे. तेल गळू नये म्हणून कुणी आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच वेढे दिले की हा रस्ता पहिल्याच पायरीवर अडतो. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं, म्हणून ती जाड पट्टी महत्त्वाची. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे काढलेल्या गाडीची ही पट्टी बघा: वरून तांबं, आत हिरवी पूड. ती पुरती निकामी झाली की सेल्फचा करंटसुद्धा आडवाटा शोधतो. चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली, तर समजायचं की तिच्यातून करंट चाललाय.

आता यातली खोच बघा. व्हीडीओ पद्धतीत गंजामुळे वाटेत वीस-तीस ओहम वाढले, तर तेलाचा काटा दाब जास्त दाखवतो. तापमानाच्या सेंडरमध्ये गरम झाल्यावर रेझिस्टन्स कमी होतो. म्हणजे गंजानं ओहम वाढवले की पाणी खऱ्यापेक्षा थंड दिसतं. पेट्रोलचा काटाही टाकीत आहे त्यापेक्षा जास्त पेट्रोल दाखवतो. तिन्ही काटे एकदम थापा मारतात आणि त्या मालकाला हव्याहव्याशा वाटणाऱ्या दिशेनं मारतात! घाट चढताना काटा हिरव्या पट्ट्यात आणि बॉनेटखाली वाफ, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. उपाय फुकटाचा आहे. बोल्ट सोडा, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासा, पुन्हा आवळा आणि वरून ग्रीस लावा. मीटरच्या पट्टीची अर्थ वायर रंगवलेल्या पत्र्याच्या भरवशावर सोडू नये. ती वेगळी ओढून बॉडीवरच्या एका चांगल्या बोल्टला द्यावी.

या कटकटीला कंटाळलेले लोक तेलासाठी मेकॅनिकल मीटर घेतात. युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसानं 1849 मध्ये पेटंट घेतलेली वाकडी नळी त्याच्या आत असते. दाब वाढला की ती किंचित सरळ होते आणि काटा ओढते. इथं करंट नाही, म्हणून अर्थचा प्रश्न नाही. मला विचाराल तर खरेपणात हाच वरचढ. पण इंजिनातलं उकळतं तेल बारीक नळीतून थेट तुमच्या गुडघ्यापर्यंत येतं, हे विसरू नये. प्लॅस्टिकची नळी एक्झॉस्टला टेकली किंवा फायरवॉलच्या भोकाच्या धारेवर घासली, तर पँट, गालिचा आणि इंजिन, सगळ्यांचंच नुकसान. तापमानाच्या मेकॅनिकल मीटरची नळी तर बंदिस्तच येते, तिच्यात लवकर उडणारा द्रव भरलेला असतो. लांब झाली म्हणून ती कापली, की मीटर भंगारात. उरलेल्या नळीचं मोठं वेटोळं करून ठेवायचं.

तेलाचा सेंडर बसवताना जुना दिव्याचा स्विच काढून फेकायची गरज नाही. टी जोड लावला की दोन्ही राहतात आणि ते राहावेतच; मीटरकडे दर मिनिटाला कोण बघतं?

वायरिंग फार अवघड नाही. मीटरच्या पाठीवर तीन जागा असतात: पॉझिटिव्ह, सेंडर आणि अर्थ, दिव्याची वायर वेगळी. पॉझिटिव्ह चावीच्या स्विचमधून घ्यायचा, म्हणजे गाडी बंद केली की मीटरही बंद. जर्मन आकडे छापलेले असतील तर 15 म्हणजे चावीनंतरचा करंट, 30 म्हणजे थेट बॅटरी, 31 म्हणजे अर्थ आणि 58 म्हणजे मीटरचे दिवे. मधे तीन-पाच अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज टाकायचा. मूळ वायर सोलून तिला नवी गुंडाळायची आणि वर काळी टेप, ही आपल्याकडची लाडकी पद्धत. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. थिंबल दाबून, स्लीव्ह चढवून जोड द्यावा. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. मॉरिस मायनर किंवा ऑस्टिनवाल्यांनी आधी बॅटरी तपासावी: साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असे आणि आजचा आरपीएम मीटर तिथं चावी फिरवताच जळू शकतो.

अँमीटर बसवायचा हट्ट मात्र करू नये. जुन्या चित्रपटातल्या डॅशबोर्डसारखा तो दिसतो छान, पण सेल्फ सोडून गाडीचा सगळा करंट त्याच्यातून जातो. म्हणजे बॅटरीची जाड, बहुधा फ्यूज नसलेली वायर डॅशबोर्डच्या मागं आणायची आणि एखादा नट सैल झाला तर धुराची वाट बघायची. व्होल्टमीटर बाजूला जोडला जातो, त्यातून नगण्य करंट जातो आणि तो सांगतोही जास्त: भरलेली बॅटरी उभ्या गाडीत 12.6, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. डायनॅमोवाल्या गाडीत सिग्नलला, हेडलाइट लावून उभं असताना काटा बाराच्या जवळ उतरतो. तिथं मेकॅनिकला फोन करायची गरज नाही, गाडी पळायला लागली की तो वर येतो.

डॅशबोर्डला भोकं पाडू नका, हे सांगण्यामागं नुसतं हळवेपण नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते आणि सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या आहेत. खाली लटकवलेली पट्टी दोन स्क्रू सोडले की निघते, कापलेला पत्रा परत येत नाही.

सगळं बसल्यावर सेंडरची वायर काढून चावी चालू करा: व्हीडीओ पद्धतीत तेल टोकाला, तापमान थंडावर. तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवा: काटे उलट्या टोकाला गेले पाहिजेत. मग इंजिन चालू करून इंडिकेटर लावा. दिव्याच्या तालावर व्होल्टमीटर जरासा हलला तर हलू द्या. पण त्याच्याबरोबर तेल आणि पाण्याचे काटेही मान डोलावू लागले, तर पट्टीची अर्थ वायर सोडून पुन्हा पॉलिश पेपर हातात घ्या.