दीदींच्या नावाची बाग

बाग कुणासाठी? मुलांसाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी, असं आपण पटकन सांगतो. घरच्या बाईचं नाव त्यात येतच नाही!

हिंगोलीहून नागपूरला नणंदेकडे गेले की सूर्यनगरच्या लता मंगेशकर उद्यानात आमची चक्कर ठरलेली. मुलांना खेळणी, चालणाऱ्यांना वाट, बसायला हिरवळ. संगीतावर नाचणारं कारंजं ही तर या बागेची ओळखच.

तिथे बसलं की मनात येतं, जिच्या नावाची ही बाग, तिला खेळायला मिळालं तरी किती? १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा दीदी अवघ्या १२ वर्षांच्या. पाठची मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ. घर चालवायला त्यांनी सिनेमात छोटी-मोठी कामंही केली. २००१ मध्ये भारतरत्न मिळालेल्या या बाईचं बालपण असं कमाईतच सरलं.

आमचा जिल्हा नर्सीच्या नामदेवरायांचा. इथल्या बायकांच्या गळ्यात गाणं आहेच. जात्यावर ओवी, एकादशीला भजन. पण कामाशिवाय, देवाशिवाय, नुसतं स्वतःसाठी गुणगुणलं की लगेच, ‘हिला काही काम नाही वाटतं!’ बागेत जाऊन बसलं तरी तेच ऐकायचं.

मैत्रिणींनो, दिवसातला अर्धा तास मागणं म्हणजे चैन नव्हे. आपल्या गावच्या बागेत पुरेसे दिवे, स्वच्छतागृह आणि बसायला बाकं हवीत, हे नगरपालिकेला चौघींनी मिळून सांगू या. आणि तिथे बसल्यावर दीदींचं एखादं गाणं खुशाल म्हणू या. सूर चुकला तर चुकला!