मधला स्पीकर

ग्वाल्हेरच्या मराठी घरात गाणे ऐकणे हा जणू कुलधर्मच. त्यामुळे ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) घरच्या होम थिएटरवर लावला असता, “गाणी ऐकू येतात रे, पण बोलणे कळत नाही,” असे आई म्हणाली तेव्हा मी चरकलो. वय ८१, श्रवणदोषाचे निदान मी मनोमन करूनही टाकले.

रोग मात्र अन्यत्र होता. फाइलमध्ये ५.१ ध्वनी होता, म्हणजे पाच स्पीकर व खर्जासाठी एक सबवूफर. प्लेअर त्या सहा प्रवाहांचे दोनच करून ऑप्टिकल केबलमधून पाठवीत होता. चित्रपटातील संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरसाठी असतात. आमचा तोच मुका होता. सेटिंगमध्ये ‘पासथ्रू’ निवडताच डॉल्बी डिजिटलचा मूळ संकेत रिसीव्हरपर्यंत पोहोचला आणि सहाही प्रवाह वेगळे झाले. मधला स्पीकर ३ डेसिबलने वाढविला. त्या रात्री आईने चित्रपट शेवटपर्यंत पाहिला.

श्रवणचाचणीही करविली, वयोमानानुसार किंचित घट, एवढेच. मूल बोलत नसेल तर आधी त्याचे कान तपासा, असे पालकांना तीस वर्षे सांगत आलो. आईच्या बाबतीत मात्र तपासणीपूर्वीच निदान करून बसलो होतो.