वैनगंगेपलीकडे मदतीला जाताना

आमच्या ब्रह्मपुरीहून वडशाला निघाले की वाटेत वैनगंगा लागते. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून पूल ओलांडला की जिल्हाही बदलतो. सोयरिकी मात्र दोन्ही तीरांवर आहेत. पुराला तर जिल्हा ठाऊकच नसतो. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचे पाणी आले, ते सर्वांनाच भोवले.

उद्या तशीच वेळ आली, आमच्या नगरपरिषदेची माणसे वडशाकडे धावली आणि कोणाला वाचविताना भिंत पाडावी लागली, तर दावा कोणावर?

मी मराठीचा मास्तर, पण २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा उघडून बसलो. त्याचे ७३ वे कलम धीर देणारे आहे. या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल स्थानिक संस्थेवर वा तिच्या नोकरावर दावा नाही, खटलाही नाही. घोडे अडते ते ३४ व्या कलमापाशी. जिल्हा प्राधिकरणाचा हुकूम चालतो तो त्याच जिल्ह्यातल्या साधनांवर! म्हणजे गडचिरोलीने ब्रह्मपुरीला विनंती करावी, नाहीतर मुंबईहून आदेश यावा.

आणि धावलेल्या माणसाचाच पाय मोडला तर? ७३ वे कलम दावा अडवते, घरखर्च चालवत नाही. अमेरिकेतील राज्यांच्या करारात हे स्पष्ट लिहिले आहे. १९९६ साली त्याला तिथल्या काँग्रेसची संमती मिळाली. मदतीला गेलेला माणूस दाव्यापुरता बोलावणाऱ्या राज्याचा, पण जखमेची भरपाई त्याच्या स्वतःच्या राज्याने द्यायची.

आपल्या दोन नगरपरिषदांनी असा कागद पावसाळ्याआधीच करून ठेवायला काय हरकत आहे?