छापातला प्राणी आणि त्याचा रंग

गिऱ्हाईक दुकानात येऊन "हत्ती छाप द्या" किंवा "वाघ छाप द्या" असे म्हणते, तेव्हा त्याच्या ध्यानात कंपनीचे नाव नसते, चित्र असते. ही रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर प्राण्यांच्या, देखाव्यांच्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. वाचता न येणाराही चिठ्ठी पाहून माल ओळखत असे.

प्राणी निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुधावर गाय किंवा चामड्याच्या मालावर बैल कोणीही छापतो, त्यामुळे अशा चित्रावर एकट्याचा हक्क मिळणे कठीण जाते. उलट मुंबईत १९३१ साली सुरू झालेल्या कॅम्लिनचा उंट पाहा. शाईचा आणि उंटाचा काहीच संबंध नाही, म्हणूनच तो उंट त्यांची खास ओळख ठरला. ज्यांना सजीवाचे चित्र नको असेल त्यांनी कंदील, पान, किल्ली असे काही घ्यावे, नियम तोच.

आता रंगाचे पाहू. फेरारी मोटारीचा काळा घोडा पिवळ्या रंगावर उभा असतो. पिवळा हा इटलीतील मोदेना शहराचा रंग. पण पिवळा काढला तरी घोडा ओळखू येतो. चांगल्या छापाची हीच कसोटी आहे. म्हणून चित्र आधी एकाच काळ्या रंगात काढून घ्यावे. रबरी शिक्क्यावर आणि बिलबुकावर ते स्पष्ट उमटले, तरच पुढे रंग भरावा. छपाईत रंग वाढला की खर्चही वाढतो.

कायद्याच्या दृष्टीनेही हेच हिताचे आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १० प्रमाणे रंगाचे बंधन न घालता नोंदलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदले गेले असे मानतात. समजा, मालेगावच्या एखाद्या कारखानदाराने लुंगीसाठी फक्त लाल हरिण नोंदवले. मग उद्या निळे हरिण छापणाऱ्याला "आमचे वेगळे आहे" असे म्हणायला वाव मिळतो. काळ्या-पांढऱ्यात नोंदवले असते तर ही पळवाट राहिली नसती. मात्र रंगसंगती हीच तुमच्या मालाची खरी ओळख असेल, तर रंगासह वेगळा अर्ज करावा.

२०१७ च्या नियमांप्रमाणे एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची फी एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये आहे, मोठ्या कंपन्यांना ९,०००. अर्जापूर्वी तसेच चिन्ह आधी कोणी नोंदवले आहे का, ते शोधून घ्यावे. नोंदणी दहा वर्षे टिकते व पुन्हा वाढवता येते. नोंदणी होईपर्यंत चिन्हाजवळ 'टीएम' लिहावे. वर्तुळातला 'आर' नोंदणीनंतरच.

माल तुमच्या हातचा, घाम तुमचा. मग त्याची ओळख कागदावरही तुमच्याच नावे असू द्या.